तिसऱ्या खोलीतलं पूज्य

आमचे सर रागावले की जास्त अदबीनं बोलायचे. सगळं ठीक असलं की "पुणेकर, बसा." काही खटकलं की "पुणेकर, जरा बसता का?" आणि "तशरीफ ठेवा" हे मी त्यांच्या तोंडून तीन वर्षांच्या नोकरीत एकदाच ऐकलं. त्या दिवशी मी मलकपेठेतला एक चालता दवाखाना बंद पाडत आणला होता. हत्यार म्हणून माझ्या हातात फक्त दोन अर्धविराम होते.

त्या गोष्टीकडे येतोच; पण सरांची ओळख झाल्याशिवाय ती कळायची नाही.

आमचं ऑफिस नल्लकुंट्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली घरमालक राहायचे, त्यामुळे रोज अकराच्या सुमाराला आमच्या कॉम्प्युटरांना चिंचेच्या आंबट आमटीची, पुलुसूची, फोडणी बसायची. काम असं की वेगवेगळ्या संस्था आपापले आकडे पाठवायच्या आणि आम्ही त्यांचे तक्ते नि आलेख करून द्यायचो. "आकडे त्यांचे, कपडे आपले," असं सर म्हणायचे. आकड्याला किती दशांश द्यायचे, स्वल्पविराम कुठे, टक्क्याचं चिन्ह लावायचं की नाही, वजा आकडा लाल करायचा की नुसती रेघ द्यायची, ह्या कपड्यांवर त्यांनी आयुष्य काढलं होतं.

मुलाखतीत त्यांनी माझी पदवी विचारली नाही. एका कागदावर 7 लिहिला आणि पुढे सरकवला.

"हे काय आहे?"

"सात."

मग त्याखाली 7.00 लिहिला. "आणि हे?"

"तेच की. सातच."

"नाही. वरचं कुणीतरी मोजलंय, खालचं कुणीतरी मापलंय. सात माणसं असतात. सात पूर्णांक शून्य शून्य माणसं कुठं पाहिली का तुम्ही?"

मी नाही म्हणालो. दुसरं काही म्हणण्यासारखं सुचलं नाही, हे खरं कारण. सरांना ते विनयानं म्हटल्यासारखं वाटलं असावं, कारण नोकरी मिळाली.

सरांचं घराणं मूळचं भालकीकडचं, शेतकऱ्याचं. पण ते स्वतः जन्मले, वाढले, शिकले ते हैदराबादेत. मराठी घरातली, दखनी रस्त्यावरची, तेलुगू शेजारची, आणि तिन्ही एकाच वाक्यात गुण्यागोविंदानं नांदायच्या. "त्यो तक्ता नक्को देऊ हो त्यांना, उगंच परेशान होतील पापं" हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, तक्त्यात काहीतरी पाप आहे. पाप म्हणजे तेलुगूत बिचारे, हे महिन्याभरानं कळलं. तोपर्यंत मी तो तक्ता शुद्ध करत बसलो होतो.

आकड्यांच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस बोलण्यात मात्र काळाचा अजिबात मुलाहिजा ठेवायचा नाही. भूतकाळात जे जे घडलं ते सगळं 'परसों'. कालच्या आदल्या दिवसापासून त्यांच्या मुंजीपर्यंत. "परसों आपण पाठवला नाही का, तो आलेख काढा," असं ते म्हणाले की मी तीन दिवसांच्या फायली पालथ्या घालायचो आणि आलेख सापडायचा गेल्या पावसाळ्यातला. एकदा धीर करून मी म्हटलं, "सर, तुमच्या परसोंचं फॉरमॅट काय?" ते बराच वेळ हसत राहिले. म्हणाले, "ते जनरल आहे." कॉम्प्युटरात ज्या आकड्याला कुठलंच रूप ठरवून दिलेलं नसतं, त्याला हेच नाव असतं.

दशांशांबद्दल ते म्हणत की शर्टाला बटणं असतात तसे ते असावेत, लागतील तितकेच. उगाच गळ्यापर्यंत लावून आणि वर दोन खिशात ठेवून हिंडू नये. उभ्या अक्षाची सुरुवात शून्याऐवजी मध्येच कुठून केलेली दिसली, की "ह्याचे पाय कुणी कापले?" असं विचारायचे. एकदा माझ्या गोल आलेखाच्या फाकांची बेरीज, प्रत्येक आकडा पूर्णांकात आणल्यामुळे, एकशे एक टक्के झाली. मला त्याची लाज वाटली. मी गुपचूप सगळ्यात मोठ्या फाकेतला एक टक्का कमी केला. मोठ्याला काय कळतंय, हा माझा हिशोब. सरांनी ते पान हातात घेतलं, दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "पुणेकर, जरा बसता का? ह्या बिचाऱ्याचा एक टक्का कुणी मारला?" मग आलेखाखाली त्यांनी बारीक अक्षरात एक ओळ घालायला लावली: पूर्णांकांमुळे बेरीज १०१ होते. मी म्हटलं, वाचणारे हसतील. "हसू देत की. हसतील ते मोजून तर बघतील."

रविवारी ते कोठीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं धुंडाळत. त्यांना फक्त अंकगणिताची पुस्तकं लागत, तीही कुणीतरी वापरलेली. समासात कुणाकुणाच्या पोरांनी केलेल्या चुका ते मला सोमवारी दाखवायचे, लोक नातवांचे फोटो दाखवतात तशा.

आता लाभाची गोष्ट. ह्यात सगळा दोष माझा आहे.

सरांची स्वतःची एक फाईल होती. बागेतली झाडं, त्यांना आलेली फळं, असल्या खासगी नोंदींची. तिचा बाज इतका देखणा होता, की आमच्या एका धर्मादाय ट्रस्टचा तिमाही अहवाल करताना मी सरळ तिचीच नक्कल केली. झाडं पुसली आणि दवाखाने भरले. ट्रस्टची नऊ छोटी केंद्रं शहरभर होती, जखमा बांधायची नि टाके काढायची. अहवाल गेला. दुसऱ्या दिवशी ट्रस्टच्या मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे बर्कतपुऱ्यातल्या एक निवृत्त डॉक्टरीणबाई, तेलुगू, शिस्तीच्या, शाळेत हिंदी शिकलेल्या. त्यांनी अत्यंत शांतपणे विचारलं, की कुत्रा चावलेले रुग्ण, त्यापुढे 'लाभ' असं लिहिलंय ते का? पायरीवरून पडलेले रुग्ण, तिथेही लाभ.

"हमारा तो ट्रस्ट है ना? लाभ किधर से आया? वो भी कुत्ते से?"

तेलुगूतही लाभ म्हणजे नफाच. मी फाईल उघडली. बाजूच्या अक्षावर खालून वर चढत गेलेले आकडे होते 0, लाभ, 2, 3.

झालं होतं असं, की सरांनी आपल्या फाईलमधल्या आकड्यांना एक अट घालून ठेवली होती: एक आला की 'एक' दाखवायचं नाही, 'लाभ' दाखवायचं. त्यांचे वडील भालकीकडे खळ्यात ज्वारी मापायचे तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणत नसत. लाभ, दोन, तीन अशी मोजणी चालायची. सरांच्या बागेतल्या पहिल्या पेरूलाही मग लाभच म्हणावं लागलं. हे सगळं त्यांनी मॅडमना फोनवरून इतक्या जिव्हाळ्यानं समजावलं, की शेवटी मॅडमनी त्यांच्या आजोळच्या भाताच्या मापाची गोष्ट सांगितली. मला सर फक्त म्हणाले, "दुसऱ्याचे कपडे घालताना खिसे तपासावेत हो."

ह्या वाक्यावरून मी काय शिकायला हवं होतं ते उघड आहे. मी शिकलो ते असं, की आता आपण आपले कपडे आपण शिवू.

आकडा कसा दिसावा हे सांगायचा जो साचा असतो, त्यात अर्धविरामांनी पाडलेल्या चार खोल्या असतात. पहिलीत धन आकडे, दुसरीत ऋण, तिसरीत शून्य आणि चौथीत अक्षरं. एखादी खोली नुसती रिकामी सोडली, की त्यातला आकडा दिसायचा बंद होतो. असतो तिथेच; दिसत नाही. ही विद्या मला सापडली तेव्हा सर भाचीच्या लग्नाला भालकीला गेले होते, आणि मॅडमना वर्षाचा तक्ता हवा होता: प्रत्येक केंद्रात महिन्यागणिक किती जणांच्या जखमेत पू झाला. तक्ता शून्यांनी बुजबुजलेला होता. मला तो अंड्यांच्या ट्रेसारखा दिसायला लागला. मी तिसरी खोली रिकामी केली. दोन अर्धविरामांच्या मध्ये काही म्हणजे काही ठेवलं नाही. तक्ता एकदम मोकळा झाला, झाडलोट केल्यासारखा.

मॅडमनी बैठकीत ते एकच पान छापून घेतलं होतं. "बहुत साफ है," त्या म्हणाल्या. मी लाजलो. बैठकीत ठरायचं होतं ते हे, की नऊपैकी दोन केंद्रं बंद करायची. मॅडमनी पानावरून नजर फिरवली. दोन केंद्रांच्या ओळी पूर्ण कोऱ्या होत्या. एका केंद्राचा माणूस सोडून गेल्यामुळे तिथून वर्षभर खरंच काही आलं नव्हतं. दुसरं मलकपेठेचं. जी केंद्रं आकडेच पाठवत नाहीत ती चालतात तरी कशाला, असं मॅडम म्हणाल्या, आणि ते रास्तच होतं. मी मान डोलावली. माझं लक्ष तेव्हा तक्त्याच्या कडांकडे होतं, छपाईत फार सुबक आल्या होत्या. मलकपेठेला बंद करत असल्याचं पत्र दुसऱ्याच दिवशी गेलं.

सर चार दिवसांनी परतले. मी मोठ्या हौसेनं ते पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि मॅडम काय म्हणाल्या तेही सांगितलं. त्यांनी मलकपेठेच्या ओळीवरून बोट फिरवलं, फळीवरची धूळ पाहावी तसं.

"तशरीफ ठेवा."

मी ठेवली.

"इथं काय होतं?"

"काही नव्हतं, सर."

"काही नव्हतं, का कुणी काही सांगितलंच नव्हतं?"

मी फाईल उघडली. मलकपेठेच्या पहिल्या चौकटीवर गेलो, तर वरच्या पट्टीत, जिथे चौकटीतला खरा आकडा दिसतो, 0. दुसरीवर गेलो, 0. बाराही महिने. खालच्या, खरोखरच कोऱ्या केंद्राच्या चौकटीत गेलो, तर वरची पट्टीही कोरी. कागदावर दोघी जुळ्या बहिणी दिसत होत्या.

"पूज्य आहे हो ते," सर हळूच म्हणाले. "आई उजळणी म्हणून घ्यायची, एकावर पूज्य दहा, दोनावर पूज्य वीस. पूज्य ते. पुसायचं नसतं. मलकपेठच्या ह्या सिस्टरबाईकडं वर्षभर कुणाच्या जखमेत पू झाला नाही, पुणेकर. आणि तुम्ही सांगितलं की ती कळवतच नाही."

मी ताबडतोब उपाय सुचवला. फाईलच्या नावापुढे 'अंतिम दोन' लिहू आणि कळवू की मांडणीत किरकोळ सुधारणा केली आहे. सर माझ्याकडे इतक्या आदरानं बघायला लागले की मला घाम फुटला.

"आप बड़े लोग हो," ते म्हणाले. "पण आधी मलकपेठला जाऊ. मॅडमकडं मग. पत्र त्या सिस्टरला गेलंय, मॅडमला नाही."

आम्ही बसनं निघालो. केंद्र रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत, एका खोलीत होतं. बाहेर बाकावर पायाला पट्ट्या बांधलेली पाचसहा माणसं. सिस्टर पन्नाशीच्या, हात कोपरापर्यंत धुतलेले, बोलणं अस्सल दखनी. आम्ही ट्रस्टकडून आलो म्हटल्यावर त्यांनी मुकाट्यानं रजिस्टर काढून पुढे ठेवलं. त्यांना वाटलं आम्ही ताबा घ्यायला आलोय. पत्रात एवढंच होतं, की गेल्या वर्षीचे आकडे पाहता केंद्र महिनाअखेर बंद करण्यात येत आहे.

सरांनी रजिस्टर उघडलं. प्रत्येक महिन्याच्या रकान्यात एक गोल, नाण्याभोवती पेन्सिल फिरवावी तितका नीट.

"हर महिने भेजी ना साब," सिस्टर म्हणाल्या. "एक महिना नै चूकी. फिर मैं समझी, पू के पेशंटांच नै हैं तो सेंटर कायकू, बोलके बंद कर रैं. अच्छा करी सो भारी पड़ा. अगले महिने दो-तीन लिख देऊँ क्या, सोची थी."

सरांनी रजिस्टर मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं. आता माझी पाळी होती. माझी पुणेरी हिंदी एरवीही फारशी चालत नाही. त्या दिवशी ती पूर्ण बसली. मी म्हटलं, "सिस्टर, मैंने आपका शून्य छुपाया."

"छुपाए? कायकू?"

"अच्छा दिखने के लिए."

बाहेरच्या बाकावरचं कुणीतरी हसलं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी तो सुबक तक्ता हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

"लोगां मेरे कने जखम छुपाते," त्या म्हणाल्या. "तुम अच्छे हुए सो छुपा दिए."

सरांनी मधे पडून मला सोडवलं नाही. ते खिडकीतून रेसकोर्सच्या भिंतीकडे पाहत उभे राहिले. निघताना मात्र त्यांनी सिस्टरना हात जोडून सांगितलं की दोन-तीन लिहू नका, नक्को, आम्ही रजिस्टर घेऊन जातो आणि उद्या परत आणून देतो.

मॅडमच्या घरी मीच बोललो. चूक हाच शब्द वापरला, कारण सर शेजारी बसले होते आणि दुसरा कुठलाही शब्द तोंडाशी आला की ते घसा खाकरत. नवा तक्ता पुढे ठेवला. त्यात मलकपेठेच्या ओळीत बारा ठसठशीत शून्यं, आणि दुसऱ्या केंद्राच्या ओळीत 'माहिती आली नाही'. मॅडमनी चष्मा लावून दोन्ही पानं शेजारी धरली.

"तो ये खाली और वो खाली अलग है."

"हौ मॅडम," सर म्हणाले.

त्यांनी रजिस्टर पानापानानं पाहिलं. पत्र मागे घेतलं, पण तात्पुरतं. बारा महिने एकही नाही, हे डॉक्टर म्हणून त्यांना जरा जास्तच चांगलं वाटत होतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढचे तीन महिने त्या मलकपेठेचे आकडे स्वतः पाहणार होत्या. मग काय ते ठरवणार होत्या.

पहिल्या महिन्याला शून्य आलं. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी फोन वाजला, मी घेतला. सिस्टर होत्या.

"साब, इस महिने एक है. लिखना ना?"

खोटं कशाला बोलू, एक दिसू नये ह्याचे पाच मार्ग मला त्या क्षणी सुचले. टक्केवारी काढून पूर्णांकात आणला तर तो शून्य होतो. उभा अक्ष शंभरापर्यंत ताणला तर तो जमिनीला चिकटतो. बाकीचे तीन सांगत नाही, त्यातला एक अजून कामाला येतो. दवाखाना वाचवायचा होता, आणि वाचवायची कला मला येत होती.

सरांनी माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं आता ते विचारणार, नोंद कोणत्या तारखेची, खात्री झाली का, मोजलेलं की अंदाजानं. आकड्याबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही.

"जखम किनका है, सिस्टर? कैसा है अब?"

मग बराच वेळ ऐकत राहिले. रेसकोर्सवर घोड्यांना दाणापाणी करणारे एक म्हातारबाबा होते. पट्टी सोडून दोन दिवस अनवाणी कामाला गेले. आता सिस्टर रोज सकाळी त्यांच्या घरी जाऊन जखम धुऊन येत होत्या. सरांनी कुठला पाय, ताप आहे का, घरी कोण आहे, सगळं विचारलं. फोन ठेवून माझ्याकडे वळले.

"लिहा."

मी एक लिहिला. तसाच, उघडा, तेरा शून्यांच्या रांगेत शेवटी. तक्ता मॅडमना गेला.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. मी उभा राहून घेतला. त्यांनी नमस्काराच्या आधी विचारलं, हा एक कोण आहे?

मी सांगितलं. म्हातारबाबा, घोडे, डावा पाय, अनवाणी, रोज सकाळी सिस्टर जातात, ताप नाही, पू कमी होतोय. माझ्याकडे सगळी उत्तरं होती, कारण आदल्या दिवशी सरांनी प्रश्न मोठ्यांदा विचारले होते आणि आलेली उत्तरंही मोठ्यांदा परत म्हटली होती. मॅडम म्हणाल्या, एक लिखने वाली का ज़ीरो भी सच होता है. तीन महिने पुरे व्हायची गरज नाही, सिस्टरना तिथेच राहू दे, पत्र आजच पाठवते.

मी फोन ठेवला. सर शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी आलेखातले जादा दशांश काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मॅडमला कुठला पाय सांगितला तुम्ही? डावा ना?"

"डावा, सर."

"हौ," ते म्हणाले. "डावाच आहे."